मुलाखत घेणाराच चुकत असेल तर?

प्रश्न: मी मेकॅनिकल इंजिनिअर. घर गुहागर तालुक्यात, शृंगारतळीजवळ. दोन वर्षं रोह्याला धाटाव एमआयडीसीत मेंटेनन्सला काम करतेय. बाबांची तब्येत बरी नसते, म्हणून घराजवळ यायचंय. गेल्या महिन्यात लोटे परशुराम एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत मेंटेनन्स इंजिनिअरच्या जागेसाठी मुलाखतीला गेले. वेळ दहाची दिली होती, आत घेतलं साडेतीनला. समोर तिघं, त्यातले एक शेवटपर्यंत फोनवर. मुख्य साहेबांनी विचारलं, "चालू पंपातून खडी फिरल्यासारखा आवाज येतोय, काय करशील?" मी म्हटलं, कॅव्हिटेशन असावं, आधी डिस्चार्ज व्हॉल्व्ह (पंपातून बाहेर जाणाऱ्या बाजूचा) थोडा आवळून फ्लो कमी करीन, मग सक्शनचा (आत येणाऱ्या बाजूचा) स्ट्रेनर, म्हणजे गाळणी, बघीन. ते हसले. "दुखणं सक्शनचं आणि औषध डिस्चार्जला? कुठल्या कॉलेजात शिकलीस?" मी समजावायला गेले तर "वाद घालू नकोस" म्हणाले. मग लग्न कधी करणार, रात्रपाळीला घरचे सोडतील का, हेच चाललं. शेवटी एचआरनी सांगितलं, निवड झाली तर दोन वर्षांचा बॉण्ड आणि मूळ प्रमाणपत्रं जमा. "कळवतो" म्हणाले, अजून काही नाही. माझं उत्तर खरंच चुकलं का? मी गप्प बसायला हवं होतं का? आणि बोलावलंच तर जाऊ का?

उत्तर:

तुझं उत्तर बरोबर होतं. बाकीचं नंतर बोलू, आधी ही शंका मनातून काढून टाक. केमिकल प्लांटच्या मेंटेनन्समध्ये माझी उमेदीची सगळी वर्षं गेली, मुलाखतीच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलो आहे, आणि अशा अनुभवानंतर चांगली मुलं स्वतःच्या ज्ञानावरच संशय घ्यायला लागतात हे फार वेळा पाहिलंय. नोकरी हुकण्यापेक्षा हे नुकसान मोठं आहे. तू माझ्या पुतणीच्या वयाची, म्हणून एकेरीतच लिहितो.

पंप पाणी ओढतो असं आपण बोलतो, पण ओढणं त्याच्या हातात नसतं. तो इम्पेलरच्या (आतल्या फिरत्या पात्यांच्या चाकाच्या) तोंडाशी दाब कमी करतो, आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. समुद्रसपाटीला हा दाब पाण्याच्या १०.३ मीटर उंचीएवढा असतो. आपल्या किनारपट्टीवर हाच आकडा धरायचा. त्यातून एकेक गोष्ट वजा होत जाते. तीस अंशाच्या पाण्याच्या वाफेचा दाब साधारण ०.४ मीटर. सक्शन पाइप, बेंड, फूट व्हॉल्व्ह यांच्यातलं घर्षण समजा १ मीटर. पंपाला स्वतःला तोंडाशी जो किमान दाब लागतो, ज्याला आपण एनपीएसएच रिक्वायर्ड म्हणतो, तो समजा ३ मीटर. अर्धा मीटर राखून ठेवला तर उरतात साडेपाचला थोडे कमी. पुस्तकातले दहा मीटर प्रत्यक्षात एवढेच राहतात, म्हणजे पाण्याच्या पातळीपासून पंप फार तर एवढ्याच उंचीवर बसवता येतो. कोकणातल्या बागायतदाराला हे न शिकता माहीत असतं. मे महिन्यात विहीर तळाला गेली की काठावरचा मोनोब्लॉक पंप पाणी ओढेनासा होतो, मग माणसं तो उचलून खालच्या पायरीवर नेऊन बसवतात.

जेवढा दाब लागतो तेवढा मिळाला नाही की इम्पेलरच्या तोंडाशी पाणी थंड असूनही उकळतं. वाफेचे बुडबुडे तयार होतात, पुढे पात्यावर दाब वाढला की फटाफट फुटतात, आणि तोच तो खडीचा आवाज. यालाच कॅव्हिटेशन म्हणतात. असा पंप महिनोन्महिने तसाच चालवला की इम्पेलर उघडल्यावर जांभ्या दगडासारखा भोकाभोकांचा निघतो.

आता तुझ्या उत्तराकडे येऊ. डिस्चार्ज व्हॉल्व्ह आवळला की फ्लो कमी होतो. फ्लो कमी झाला की दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. सक्शन लाइनमधलं घर्षण फ्लोच्या वर्गाने कमी होतं. फ्लो पाव हिश्शाने घटवलास तर वरच्या हिशेबातला १ मीटर जवळपास अर्ध्यावर येतो. आणि पंपाची स्वतःची मागणीही खाली येते. ३ मीटरची साधारण दोन-सव्वादोन होते. म्हणजे एक व्हॉल्व्ह थोडा फिरवून तू सव्वा मीटरची सूट मिळवलीस. पंप बंद न करता, बॅच न थांबवता. चालू प्लांटमध्ये याहून चांगला पहिला उपाय नाही. उलट सक्शनचा व्हॉल्व्ह आवळला असतास तर आवाज वाढला असता. डिस्चार्ज पूर्ण उघडला असतास तरी वाढलाच असता. दुखणं सक्शनचं असलं तरी फ्लो सगळ्या लाइनीतून एकच वाहतो, आणि तो सुरक्षितपणे कमी करायची जागा डिस्चार्जलाच असते. त्या साहेबांना हे माहीत नव्हतं, किंवा त्या क्षणी सुचलं नाही.

पण तुझ्या उत्तरात मी काय भर घातली असती तेही सांगतो, कारण पुढची मुलाखत यावरच जिंकता येईल.

पहिलं म्हणजे हा उपाय तात्पुरता आहे, हे तू स्वतःहून म्हणायला हवं. "आधी पंप वाचवीन, मग कारण शोधीन" एवढ्या चार शब्दांनी समोरच्याला कळतं की तू पाळीत उभी राहिलेली आहेस. दुसरं असं की आवाज नेहमी कॅव्हिटेशनचाच असतो असं नाही. पंप त्याच्या किमान फ्लोच्याही खाली चालत असेल तर पाणी इम्पेलरच्या तोंडाशीच उलटं घुमतं आणि अगदी तसाच कडकड आवाज येतो. तिथे डिस्चार्ज आणखी आवळलास तर आवाज वाढेल. म्हणून व्हॉल्व्ह फिरवताना कान उघडे ठेवायचे. आवळल्यावर आवाज बसला तर कॅव्हिटेशन, चढला तर फ्लो आधीच कमी आहे, व्हॉल्व्ह पुन्हा उघडायचा. हा एकच छोटासा प्रयोग दोन्ही कारणं वेगळी करून दाखवतो. हे मुलाखतीत सांगणारी मुलं मला फार थोडी भेटली, आणि जी भेटली त्यांना मी सोडलं नाही. तिसरी शक्यता हवेची. सक्शनच्या फ्लँजमधून (पाइपच्या जोडातून) किंवा ग्लँडमधून (शाफ्टभोवतीच्या पॅकिंगमधून) हवा आत जात असेल तर डिस्चार्जचा गेज नाचत राहतो, आवाजही थोडा बोजड असतो. जोडावर साबणाचा फेस लावायचा. सक्शनला व्हॅक्यूम असेल तर फेस आत खेचला जातो.

आणि पंपात काय आहे हे आधी विचारायचं. पाणी तीस अंशाचं असलं तर वाफेला ०.४ मीटर जातात, नव्वद अंशाचं असलं तर सात मीटरहून जास्त. मग हाताशी राहतात जेमतेम तीन. बॉयलरची फीड टाकी पंपाच्या डोक्यावर उंच का बसवतात त्याचं उत्तर यात आहे. सॉल्व्हंट (द्रावक रसायन) असेल तर हिशेब आणखी वेगळा. लोट्याच्या कंपनीत नुसत्या पाण्याचे पंप नसतात. "सर, आत कुठलं लिक्विड आहे आणि किती तापमानाला?" हा उलटा प्रश्न कुठल्याही पाठ केलेल्या व्याख्येपेक्षा जास्त वजनदार ठरतो.

आता गप्प बसायला हवं होतं का, हा तुझा दुसरा प्रश्न. नाही. पण बोलायची एक रीत आहे. तोंडी समजावायला गेलं की समोरच्याच्या मानापमानाची गोष्ट होते, विशेषतः शेजारी दोन हाताखालची माणसं बसलेली असताना. अशा वेळी कागद मागायचा. "सर, एकदा आकृती काढून दाखवू का?" पंपाच्या दोन रेषा काढायच्या: फ्लोबरोबर वर चढणारी मागणीची, आणि फ्लोबरोबर खाली उतरणारी मिळणाऱ्या दाबाची. जिथे त्या एकमेकींना छेदतात त्याच्या डावीकडे पंप सुखात असतो. व्हॉल्व्ह आवळणं म्हणजे डावीकडे सरकणं. एवढं काढायला मिनिटसुद्धा लागत नाही. आणि कागदाशी भांडण होत नाही. तरीही ऐकून घेतलं नाही तर "ठीक आहे सर, माझं म्हणणं एवढंच" म्हणून पुढे जायचं. मात्र "हो सर, चुकलं माझं" असं म्हणायचं नाही. बरोबर असताना चूक कबूल करणं ही इंजिनिअरसाठी वाईट सवय आहे, आणि ती अशाच खोल्यांत लागते.

काही जण म्हणतील की साहेब मुद्दाम डिवचत होते, दबावाखाली कशी वागते ते बघत होते. असं करणारे असतात. मला ती पद्धत पटत नाही, पण ओळखता मात्र येते. परीक्षा घेणारा माणूस हसून झाल्यावर "का?" असं विचारतो आणि उत्तर ऐकतो. तुझ्या साहेबांनी कॉलेज विचारलं. कॉलेजवरून केलेली ती टिप्पणी मला सगळ्यात जास्त लागली. लोणेऱ्याच्या विद्यापीठातून, रत्नागिरीच्या शासकीय तंत्रनिकेतनातून, आपल्या जिल्ह्यांतल्या छोट्या कॉलेजांतून शिकलेल्या मुलांवर अर्धे प्लांट चाललेत. त्यांना असं हिणवणाऱ्याला मी मुलाखतीच्या पॅनेलवर बसू देणार नाही.

साडेपाच तास बसवून ठेवण्याबद्दल फार लिहीत नाही. प्लांटमध्ये ब्रेकडाउन होतात, मुलाखत घेणारा माणूस खाली धावतो, उशीर होतो. पण बाहेर येऊन "आणखी दोन तास लागतील, जेवून घ्या" एवढं सांगायला कुणालाही वेळ असतो. गुहागरहून चिपळूण, तिथून परशुरामचा घाट चढून येणाऱ्या उमेदवाराला पावसाळ्यात घाट बंद झाला तर परत जायचं कसं ही काळजी असते. हे इथल्याच माणसाला कळू नये याचं वाईट वाटतं.

मुलाखती एवढ्या वाईट का घेतल्या जातात यावर दोन शब्द लिहितो, म्हणजे तुला हे फक्त तुझ्याच बाबतीत घडलं असं वाटणार नाही. चांगल्या मेंटेनन्स मॅनेजरला माणूस निवडायचं शिक्षण कुणी दिलेलं नसतं. तो मनाला येईल ते विचारतो, आणि आपल्याला माणसं चटकन ओळखता येतात असं मानतो. या विषयावर अमेरिकेत दीर्घकाळ संशोधन झालंय. श्मिट आणि हंटर यांनी १९९८ साली ८५ वर्षांचा अभ्यास एकत्र करून दाखवलं की ठरवून, सगळ्यांना सारखे प्रश्न विचारून घेतलेली मुलाखत आणि प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणं यांतून पुढचं काम जास्त चांगलं ओळखता येतं. नुसत्या गप्पांतून तेवढं नाही. सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये तेच आकडे पुन्हा तपासले. ठरवून घेतलेल्या मुलाखतीचा कामगिरीशी संबंध (१ म्हणजे पूर्ण मेळ) त्यांना ०.४२ मिळाला, मोकाट मुलाखतीचा ०.१९. म्हणजे त्या खोलीत तुझ्याबद्दल जे मत तयार झालं असेल त्याला फारसा आधार नाही.

मी स्वतः उमेदवाराला टेबलासमोर फार वेळ बसवत नाही. वर्कशॉपमध्ये नेतो. खराब झालेलं मेकॅनिकल सील, जळालेलं बेअरिंग, तुटलेलं कपलिंग ठेवलेलं असतं. हातात घे आणि काय झालं असेल ते सांग, म्हणतो. किंवा विचारतो, मोटर रिवाइंड होऊन आली, जोडली, पंप चालू झाला, पाणी येतंय पण प्रेशर निम्मंही नाही, आधी काय बघशील? ज्याने हाताने काम केलंय तो लगेच म्हणतो, फिरण्याची दिशा. सेंट्रिफ्युगल पंप उलटा फिरला तरी थोडं पाणी देतो, म्हणून फसायला होतं. तीनपैकी दोन फेज बदलल्या की काम होतं. असा प्रश्न विचारला की कॉलेजचं नाव विचारायची गरज उरत नाही.

लग्नाचा प्रश्न. हा प्रश्न विचारायला नको होता, एवढं स्पष्ट म्हणतो. भरती करताना स्त्री म्हणून भेदभाव करायचा नाही हे १९७६ च्या समान वेतन कायद्याच्या कलम ५ मध्येच होतं, आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ते आलंय. रात्रपाळीची गोष्ट थोडी वेगळी. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या कलम ६६ मुळे कारखान्यात स्त्रियांना संध्याकाळी सात ते सकाळी सहा या वेळेत कामाला ठेवता येत नसे, राज्यांनी सूट दिली तरच. जुन्या साहेबांच्या डोक्यात अजून तेच बसलेलं असतं. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत स्त्रीची संमती असेल आणि सुरक्षेच्या अटी पाळल्या असतील तर रात्रपाळीला मुभा आहे. म्हणजे संमती विचारायची ती तुला, घरच्यांना नाही. पुढे कुणी विचारलं तर चिडू नकोस, विषय कामावर आण. "पाळ्या करायची माझी तयारी आहे. रात्री प्लांटपासून घरापर्यंत कंपनीची गाडी आहे का?" एवढं विचार. ज्यांनी खरंच विचार केलेला असतो त्यांच्याकडे उत्तर तयार असतं. आणि प्लांट दाखवायला नेलं तर मेंटेनन्स वर्कशॉपच्या जवळ स्त्रियांचं स्वच्छतागृह कुठे आहे ते बघ. कायद्याने वेगळं असायलाच हवं, तरी पुष्कळ ठिकाणी ते फक्त ऑफिसच्या इमारतीत असतं, दहा मिनिटं चालत.

आता मूळ प्रमाणपत्रं. यात माझं मत अगदी पक्कं आहे: देऊ नकोस. पडताळणीसाठी मूळ प्रत दाखवायची, त्यांनी तुझ्यासमोर तपासायची आणि तू ती घेऊन घरी यायचं. हवी तर साक्षांकित प्रत द्यायची, डिजिलॉकरवरची द्यायची. तिला मूळ कागदाएवढीच मान्यता आहे. "फाइलला लागतं" असं म्हणून ठेवून घेतलेली मार्कशीट परत मिळवायला मुलं हेलपाटे घालताना मी पाहिली आहेत. सही केलेला कोरा चेकही द्यायचा नाही.

बॉण्डच्या बाबतीत मात्र आपल्या पोरांमध्ये एक चुकीची समजूत आहे, की बॉण्ड म्हणजे नुसता कागद, कोर्टात टिकत नाही. तसं नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ सांगतं की कुणाला धंदा-नोकरी करण्यापासून रोखणारा करार रद्दबातल. म्हणजे कंपनी सोडून तू दुसरीकडे जाऊच नकोस, असं त्यांना म्हणता येत नाही. पण नोकरी चालू असताना ठरावीक काळ राहण्याची अट आणि मधे सोडल्यास नुकसानभरपाई, हे वेगळं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांची अट आणि मधे सोडल्यास दोन लाख रुपये, हे वैध ठरवलं. भरपाई वाजवी हवी, हे कलम ७४ मध्ये आहे. पण वाजवी काय हे ठरवायला तुला कोर्टाची पायरी चढावी लागेल. त्यामुळे सही करण्याआधी विचार: रक्कम किती? महिने सरतील तशी ती कमी होते का? कंपनीनेच काढलं तर काय? ट्रेनिंग नक्की कसलं देणार, ज्याच्या खर्चासाठी बॉण्ड हवाय? दोन वर्षांचा अनुभव असलेल्या इंजिनिअरला बॉण्ड मागायचं कारण मला तरी दिसत नाही. आणि बॉण्डची प्रत घरी आणून वाचायला मिळालीच पाहिजे. जागच्या जागी सही मागत असतील तर तिथेच उठायचं.

त्याबरोबर एक प्रश्न विचारायला विसरू नकोस: कंपनीच्या रोलवर की काँट्रॅक्टरच्या? आपल्या एमआयडीसींमध्ये इंजिनिअरसुद्धा काँट्रॅक्टरच्या नावावर घेतात आणि हे पहिल्या पगाराच्या स्लिपवर कळतं.

बोलावलं तर जाऊ का, हे विचारतेस. घराजवळची नोकरी म्हणजे काय असतं ते मला माहीत आहे. आपल्याकडचं प्रत्येक घर मुंबई-पुण्याला एक तरी माणूस देऊन बसलंय. लोट्याला नोकरी म्हणजे रात्री घरी जेवायला मिळणं, बाबांना डॉक्टरकडे नेता येणं. म्हणून "असल्या कंपनीवर पाणी सोड" असं मी सहज म्हणणार नाही. पण एक गोष्ट तपासून बघ, आणि ती पगारापेक्षा महत्त्वाची आहे. ते साहेब तुझे वरिष्ठ असणार आहेत का?

हे का विचारतो ते सांगतो. ६ जुलै १९८८ च्या रात्री उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायूच्या फलाटावर स्फोट झाला, १६७ माणसं गेली. सुरुवात एका पंपापासून झाली. दिवसपाळीने एका कंडेन्सेट पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह कामासाठी काढला होता आणि त्या जागी झाकण बसवलं होतं. रात्री दुसरा पंप ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला. व्हॉल्व्ह काढल्याचं परमिट, म्हणजे कामाचा लेखी परवाना, रात्रपाळीच्या माणसांपर्यंत पोचलंच नाही, आणि त्यांनी तो पहिला, व्हॉल्व्ह काढलेला पंप चालू केला. आपल्या प्लांटमध्ये रोज हेच घडत असतं, फक्त नशिबाने पुढचं घडत नाही: कुणीतरी काहीतरी उघडून ठेवलेलं असतं, आणि ते माहीत असलेला माणूस हाताखालचा असतो. "साहेब, तो पंप चालू करू नका" असं एखाद्या फिटरला रात्री दोन वाजता म्हणता आलं पाहिजे, आणि साहेबाने थांबून "का?" विचारलं पाहिजे. ज्या माणसाने मुलाखतीच्या शांत खोलीत, चहाचा कप समोर असताना, बरोबर उत्तराला "वाद घालू नकोस" म्हटलं, तो रात्री दोन वाजता कसा वागेल? सॉल्व्हंटच्या प्लांटमध्ये या प्रश्नाचं उत्तर तुझ्या जिवाशी निगडित आहे.

म्हणून बोलावलं तर जा, पण होकार देण्याआधी प्लांट बघायला माग. नकार दिला तर तेच उत्तर समज. नेलं तर परमिटचं बुक बघ: परमिट रोज भरलेली आहेत का, पाळी बदलताना दोन्ही पाळ्यांच्या सह्या आहेत का, की आठवड्याच्या सह्या एका पेनाने एका बैठकीत झाल्यात. कामावर असलेल्या मोटरच्या स्टार्टरला कुलूप आणि टॅग आहे का. समुद्राच्या दमट हवेत आणि आपल्या पावसात उघड्यावरच्या मोटरींचे टर्मिनल बॉक्स नीट बंद आहेत का, पावसाळ्याआधी मेगर (मोटरच्या इन्सुलेशनची तपासणी) घेतल्याची नोंद आहे का. फिटरांशी दोन मिनिटं बोल. इथला माणूस इथल्या मुलीशी खरं बोलतो. साहेब कसे आहेत हे त्याच्या तोंडून न विचारताही कळेल. हे सगळं ठीक दिसलं, वरिष्ठ दुसरा कुणी असला आणि प्रमाणपत्रं ठेवून घेणार नसतील, तर नोकरी कर. त्या दिवसाच्या अपमानासाठी घराजवळची चांगली जागा सोडायची गरज नाही. नसेल तर सोड, आणि खंत करू नकोस.

कळवलं नाही म्हणून वाट बघत बसू नकोस. एचआरला आजच दोन ओळी पाठव: "अमुक तारखेला मेंटेनन्स इंजिनिअर पदासाठी माझी मुलाखत झाली. निवडीची स्थिती कळवावी. मला इतर ठिकाणीही उत्तर द्यायचं आहे." तक्रार नको, स्पष्टीकरण नको, पंपाचा विषय तर मुळीच नको. आणि खरंच इतर ठिकाणी अर्ज टाक. महाड आहे, रत्नागिरीचं मिरजोळे आहे. अंजनवेलचा वीज प्रकल्प तर तुझ्याच तालुक्यात. जयगडचं बंदर आहे. पोफळीला महानिर्मितीचं कोयनेचं वीजगृह आहे, तिथली भरती परीक्षेतून होते, जाहिरातीवर लक्ष ठेवावं लागतं. गेट (GATE) परीक्षेचा स्कोअर असेल तर तो तीन वर्षं चालतो, सार्वजनिक उपक्रमांच्या जाहिरातींत उपयोगी पडतो.

ऑफर लेटर हातात येईपर्यंत धाटावला राजीनामा देऊ नकोस, कुणी फोनवर "या" म्हटलं तरी नाही. आणि तोवर एक काम कर. धाटावला तू स्वतः सोडवलेले दोन बिघाड वहीत नीट लिहून काढ: काय आवाज, काय वाचन, आधी काय वाटलं, काय निघालं, किती वेळ प्लांट बंद राहिला. कंपनीचं नाव किंवा प्रोसेसची माहिती लिहायची नाही, फक्त यंत्र. पुढच्या मुलाखतीला ती वही बरोबर ने, आणि पंपाचा प्रश्न आला की कागद मागून त्या दोन रेषा काढ.